जिल्हा फुटबॉलच्या खालच्या गटात संघ संपूर्ण हंगाम कसा टिकवावा

सोलापूरच्या जिल्हा पातळीवरच्या साखळी स्पर्धेत खालच्या गटात उतरणाऱ्या संघाला बहुधा प्रतिस्पर्धी बुडवत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, कागदोपत्री पात्र असलेले अकरा खेळाडू मैदानावर न जमणे हेच त्याला बुडवते. हंगामाच्या पहिल्या सामन्याला जर्सी कमी पडाव्यात इतकी मुले हजर असतात. चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत कोणाची कामाची पाळी बदललेली असते, कोणाची सत्र परीक्षा लागलेली असते, कोणाचा घोटा सुजलेला असतो, आणि मग सामन्याच्या सकाळी फोनाफोनी सुरू होते. या गटात खेळाची पातळी थोड्याफार फरकाने सगळ्यांची सारखीच असते. त्यामुळे सर्व सामने पूर्ण ताकदीने खेळलेला संघ गुणतक्त्याच्या वरच्या भागात दिसतो, मग त्याच्याकडे एकही नावाजलेला खेळाडू नसला तरी चालते. म्हणून येथे डावपेचांपेक्षा व्यवस्थेला अधिक जागा दिली आहे. ज्याला मुले ‘मॅनेजर’ म्हणतात आणि ज्याच्या घरी जाळी, बॉल, कागदपत्रांची फाईल आणि वर्गणीची वही एवढे सगळे पडून असते, त्याच्यासाठी हे लिहिले आहे.

सोलापूरचे वर्ष आधी समजून घ्यावे

येथे जूनचा पाऊस हुलकावणी देतो आणि भरवशाचा पाऊस बहुतेक वेळा सप्टेंबरात पडतो. काळ्या मातीचे मैदान भिजले की बुटाच्या तळाला चिखलाचे गोळे चिकटतात, आणि वाळले की त्याला तडे जातात. तडे गेलेल्या मैदानावर घोटा मुरगळायला प्रतिस्पर्ध्याची गरज लागत नाही. मार्चमध्ये ऊन तापू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे खेळण्याजोगा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच उरतो, आणि नेमक्या याच काळात शहराचे निम्मे सण, यात्रा आणि परीक्षा येतात.

म्हणून जिल्हा फुटबॉल संघटनेची कार्यक्रम ठरवण्याची बैठक होण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर या महिन्यांची दिनदर्शिका मांडावी. नवरात्र आणि त्यानंतर अश्विन पौर्णिमेला तुळजापूरला पायी जाणारे खेळाडू प्रत्येक संघात असतात. रात्रभर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवण्यात अर्थ नाही. त्यानंतर दिवाळी, मग विद्यापीठाच्या सत्र परीक्षा, मग जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. यात्रेच्या मिरवणुकीतले उंच, जड नंदीध्वज उचलणाऱ्यांमध्ये आपले खेळाडू असतील, तर त्यांचा सराव यात्रेच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतो, हे लक्षात ठेवावे. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते. रमजानचा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतो आणि सध्या तो हिवाळ्याच्या उतरणीला पडतो. त्या काळात सामना सकाळी हवा की इफ्तारच्या आधी, हे रोजा धरणाऱ्या खेळाडूंनाच विचारून ठरवावे, त्यांच्या वतीने आपण अंदाज बांधू नये.

एवढे मांडल्यावर ज्या दोन तारखांना संघ कोणत्याही परिस्थितीत जमणार नाही, त्या दोनच तारखा संघटनेला लेखी कळवाव्यात. दहा तारखा कळवणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. दोन कळवणाऱ्याचे निदान एका तारखेबाबत ऐकले जाते.

सामन्यांचे गणितही आधीच करून ठेवावे. एकेरी साखळीत (प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदाच खेळतो) आठ संघ असतील तर एकूण २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात खेळावे लागतात. दहा संघ असतील तर एकूण ४५ आणि प्रत्येकाला नऊ. संघांची संख्या विषम असेल तर प्रत्येक फेरीत एका संघाला विश्रांती मिळते, आणि ती विश्रांती परीक्षेच्या आठवड्यात पडावी म्हणून सोडतीपूर्वी विनंती करायला काहीच हरकत नसते.

खेळाडूंची जमवाजमव

मैदानावर अकरा लागतात म्हणून पंधरा-सोळा जणांची नोंदणी करणे हा काटकसरीचा नव्हे, तर आत्मघाताचा मार्ग आहे. यादी बावीसच्या आसपास असावी आणि ती करताना फक्त मैदानावरील जागेचा नव्हे, तर पोटापाण्याचाही विचार करावा. सोलापुरातल्या कोणत्याही मोहल्ल्याच्या संघात यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत पाळीने काम करणारे असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी असतात, आणि दुकानात किंवा कार्यालयात बसणारे असतात. पाळीवाल्याला रविवारची खात्री नसते, विद्यार्थी परीक्षेत गायब होतो, आणि दुकानदाराला सणाच्या आधीचा आठवडा मिळत नाही. तीनही प्रकारचे खेळाडू प्रत्येक फळीत असतील, तर एका कारणाने संपूर्ण बचावफळी एकाच वेळी रिकामी होत नाही. चारही बचावपटू एकाच कारखान्यातले असणे ऐकायला छान वाटते, कारण त्यांचा आपसांत मेळ असतो. पण कारखान्यात जादा काम निघाले की संघाचे काय होते, ते सांगायला नको.

गोलरक्षक दोन असावेत, आणि दुसरा केवळ नावापुरता नसावा. खालच्या गटात ‘उंच आहे, उभा करा’ म्हणून कोणालाही गोलात उभे करण्याची पद्धत आहे. तिची किंमत बहुतेक कॉर्नरवर, म्हणजे कोपऱ्यातून मारलेल्या किकवर, मोजावी लागते. दुसऱ्या गोलरक्षकाला मुख्य गोलरक्षकाइतकाच सराव द्यावा आणि सोपा वाटणारा एक सामना त्याला अवश्य खेळवावा.

प्रत्येक खेळाडूची एक ओळ असलेला तक्ता करावा: नाव, जन्मतारीख, जागा, दुसरी जागा, कामाची वेळ, घरातल्या एका मोठ्या माणसाचा फोन, रक्तगट. ‘दुसरी जागा’ हा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. डावा बॅक (डावीकडचा बचावपटू) ऐनवेळी आला नाही तर तेथे कोण जाणार, हे त्या सकाळी नव्हे, तर सप्टेंबरमध्येच ठरलेले असावे.

आपल्या शहरात एकाच संघात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले असतात. मैदानाबाहेर त्याची मौज असते, पण मागून धावत येणाऱ्याची सूचना चार भाषांत दिली गेली तर गोल होतो. ‘मागे’, ‘सोड’, ‘माझा’, ‘फिर’ असे पाच-सहा शब्द ठरवून सर्वांनी सरावातही तेच वापरावेत.

कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरते, त्यामागे पेठेचा आणि तालमीचा अभिमान असतो. सोलापुरात तेवढा प्रेक्षक नाही, येथे मैदानावर क्रिकेटचा हक्क पहिला मानला जातो. तरीही कोल्हापूरकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: संघ एका वस्तीचा, एका तालमीचा किंवा एका मंडळाचा असला की खेळाडू सहजासहजी गैरहजर राहत नाही, कारण संध्याकाळी त्याच कट्ट्यावर त्याला उत्तर द्यावे लागते.

कागदपत्रे

महाराष्ट्रातील फुटबॉलची शिखर संस्था वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन असून ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी संलग्न आहे. खेळाडूंच्या नोंदणीसाठी महासंघाची ऑनलाइन केंद्रीय नोंदणी पद्धत आहे. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेसाठी कोणती नोंदणी आवश्यक आहे, शेवटची तारीख कोणती आणि हंगामाच्या मध्यात नवा खेळाडू घेता येतो का, हे तीन प्रश्न प्रवेश अर्ज भरतानाच विचारावेत आणि उत्तरे नियमावलीच्या छापील पानावर दाखवून घ्यावीत. तोंडी आश्वासनावर खेळवलेल्या खेळाडूविरुद्ध तक्रार झाली, तर जिंकलेला सामनाही हातचा जातो.

वयाचा दाखला, ओळखपत्र, छायाचित्रे आणि अल्पवयीन असल्यास पालकांचे संमतिपत्र यांचा प्रत्येकी एक संच करून एका फाईलमध्ये ठेवावा. त्या फाईलची मोबाईलमधील प्रत दोघांकडे असावी. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर सारखे आहे का, हे पाहण्यात एक संध्याकाळ घालवावी. आधार कार्डावर वडिलांचे नाव मध्ये आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, अशा क्षुल्लक फरकावरून मैदानावर वाद होतात. एकाच हंगामात दोन संघांच्या कागदावर सही केलेला एखादा महाभाग प्रत्येक वस्तीत असतो. त्याला स्पष्ट विचारावे, आणि तो हसून विषय बदलू लागला तर त्याच्याशिवाय संघ आखावा.

पैसा

प्रवेश फी, पंचांचे मानधन, बॉल, जर्सी, फक्की (रेषा आखण्याची पांढरी भुकटी), पाणी, बर्फ, प्रथमोपचार आणि बाहेरगावचा प्रवास हे खर्च टळत नाहीत. त्यांची बेरीज हंगामाआधी करावी आणि वर्गणी एकदम न मागता तीन हप्त्यांत घ्यावी. समजा, एकूण खर्च ३६,००० रुपये येतो आणि बावीस जणांत चौदा कमावते व आठ विद्यार्थी आहेत. तर कमावत्यांनी प्रत्येकी २,००० आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले की हिशेब जुळतो. वही दर महिन्याला सर्वांसमोर वाचावी. पैशांवरून फुटलेले संघ पराभवावरून फुटलेल्या संघांपेक्षा जास्त असतील, असे माझे मत आहे.

प्रायोजक शोधताना मोठ्या कंपन्यांच्या दारात बसण्यापेक्षा वस्तीतील सूत व्यापारी, चादरीचे दुकानदार, गणवेशाचे कारखानदार यांच्याकडे जावे. सोलापुरात गणवेश शिवण्याचा धंदा मोठा असल्यामुळे जर्सी रोख रकमेऐवजी कापड आणि शिलाईच्या रूपाने मिळू शकते, आणि देणाऱ्यालाही ते सोपे जाते. जर्सी दोन वेगळ्या रंगांच्या असाव्यात. ते परवडत नसेल तर दुसऱ्या रंगाचे वीस बिब (जर्सीवरून घालायचे बिनबाह्यांचे कपडे) तरी ठेवावेत, कारण दोन्ही संघ निळ्यात आले की पंच सामना सुरू करत नाहीत. गोलरक्षकाचा रंग इतर खेळाडूंपेक्षा आणि पंचांपेक्षा वेगळा असावाच लागतो.

मैदान आखणे

बरेच सामने महाविद्यालयाच्या, पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या मैदानांवर परवानगीने होतात आणि आखणी यजमान संघाच्या गळ्यात पडते. मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, पण गोलाचे माप ठरलेले असते: दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांड्याची जमिनीपासून उंची २.४४ मीटर.

आखणीसाठी न ताणणारी एक लांब दोरी घ्यावी आणि तिच्या एका टोकापासून १, ५.५, ९.१५, ११ आणि १६.५ मीटर अंतरावर गाठी माराव्यात. मैदानाच्या बाहेरच्या सीमारेषा सोडल्या तर बाकी सगळी आखणी या पाच गाठींतून निघते. प्रत्येक खांबाच्या आतल्या कडेपासून गोलरेषेवर बाहेरच्या बाजूला आणि तितकेच मैदानात ५.५ मीटर मोजले की लहान चौकट मिळते, १६.५ मीटर मोजले की पेनल्टी क्षेत्र मिळते. दोन खांबांच्या मध्यापासून ११ मीटरवर पेनल्टीचा ठिपका येतो. त्या ठिपक्यावर खुंटी ठोकून ९.१५ मीटरच्या गाठीने पेनल्टी क्षेत्राबाहेरचा कंस काढावा आणि त्याच गाठीने मध्यवर्तुळ काढावे. कोपऱ्यातल्या पाव वर्तुळाला एक मीटरची गाठ लागते. काटकोनासाठी सहा, आठ आणि दहा मीटर बाजूंचा त्रिकोण दोरीनेच घालावा. डोळ्यांनी काटकोन साधणारे लोक आत्मविश्वासाने तिरके मैदान आखतात, हे कोणत्याही मैदानाच्या कडेला उभे राहून पाहता येते.

फक्की पातेल्यातून हाताने सोडण्यापेक्षा तळाला भोके पाडलेल्या डब्यातून सोडली तर रेषा सरळ येते आणि माल कमी लागतो. रेषेची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. कळीचा चुना कधीही वापरू नये. घामाने भिजलेल्या कातडीला आणि डोळ्यांना त्याने भाजते. शेवटी गोलाचे खांब दोन्ही हातांनी हलवून पाहावेत. हलवता येणारे गोल जमिनीत पक्के रोवलेले किंवा मागून जड वजनाने दाबलेले नसतील, तर सामना सुरू करू नये. दांड्याला लोंबकळणाऱ्या लहान मुलांच्या अंगावर गोल कोसळण्याचा धोका खरा आहे.

सराव

आठवड्यातून दोन सकाळी, सहा ते साडेसात, एवढा सराव नियमाने झाला तरी या गटात तो पुरेसा ठरतो. सुरुवातीची वीस मिनिटे फिफाने तयार केलेल्या ‘इलेव्हन प्लस’ या शरीर तापवण्याच्या पद्धतीला द्यावीत. तिचे तीन भाग आहेत: आठ मिनिटे हलके धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल यांचे व्यायाम, आणि दोन मिनिटे वेगवान धावणे. नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापतींचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. साधने लागत नाहीत, पैसे लागत नाहीत. कंटाळा मात्र येतो, आणि तो कर्णधाराने स्वतः पुढे राहून मोडावा लागतो.

कडक मैदानावर बॉल फार उसळतो. नियमानुसार बॉलमधील हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण (ॲटमॉस्फिअर) इतका चालतो; सरावात आणि यजमान सामन्यात तो खालच्या मर्यादेजवळ ठेवला, तर जमिनीवरून पास देणे जमते. बूट लांब धातूच्या स्टडचे नकोत, अनेक छोट्या गोट्यांचे रबरी तळ येथे चांगले. लांब स्टड कडक मातीत रुतत नाहीत. त्यावर धावणारा खेळाडू तळपायाने नव्हे तर गुडघ्याने हिसके सोसतो.

दुसऱ्या सकाळचा निम्मा वेळ फ्री किक, कॉर्नर आणि थ्रो-इन यांना द्यावा. खालच्या गटात सलग सहा-सात पास देऊन झालेला गोल क्वचितच दिसतो. थांबलेल्या बॉलवरचे गोल मात्र दर रविवारी दिसतात. कॉर्नरला कोण जवळच्या खांबाशी जाणार, कोण गोलरक्षकासमोर उभा राहणार आणि कोण मागे थांबून उलट हल्ला अडवणार, ही तीन नावे ठरलेली असली तरी पुष्कळ झाले. बचावातही तेच. प्रत्येकाला आपला माणूस माहीत असावा.

सामन्याचा दिवस

डिसेंबरमध्ये सोलापुरात सूर्य सहाच्या थोडा आधीच मावळतो. दोन्ही अर्ध, मध्यंतर आणि वाया गेलेला वेळ धरून सामन्याला जवळजवळ दोन तास लागतात, म्हणून दुपारचा सामना पावणेचारला तरी सुरू झालाच पाहिजे. खेळाडूंना सामन्याच्या वेळेच्या सव्वा तास आधी बोलवावे, आणि ती वेळ सांगताना ‘साधारण’ हा शब्द वापरू नये.

संघयादी भरताना एक नियम कायम ध्यानात असावा. यादी आधीच देण्याचा नियम ज्या स्पर्धेत असतो, तेथे सामना सुरू होण्यापूर्वी ज्याचे नाव यादीत आहे, तोच खेळाडू उशिरा आल्यावर खेळू शकतो. कामावरून थेट येणाऱ्या मुलाचे नाव तो पोहोचला नाही म्हणून गाळले, तर तो धापा टाकत आल्यावरही त्याला कडेलाच बसावे लागते. म्हणून ज्याच्या येण्याची थोडीही शक्यता आहे, त्याचे नाव लिहावे. संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही आणि मध्येच संख्या सातच्या खाली गेली तर पुढे चालू राहत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, आठ जण हजर असतील तर खेळावे. आठ जणांनी दोन गोलांनी हरलेला सामना प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल देण्यापेक्षा शतपट बरा, कारण गोलफरक (केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) मर्यादेत राहतो, दंड बसत नाही आणि मुख्य म्हणजे आलेल्या आठ जणांचा विश्वास टिकतो.

मैदानात उतरण्यापूर्वी पंच साहित्य तपासतात, तेव्हा रांगेत काय घडते ते पाहण्यासारखे असते. एकाच्या मनगटात कडे, दुसऱ्याच्या दंडावर ताईत, तिसऱ्याच्या बोटात लग्नाची अंगठी, आणि चौथ्याने कानातल्या बाळीवर पट्टी चिकटवून आणलेली. नियमानुसार कोणताही दागिना चालत नाही आणि वर पट्टी चिकटवलेलाही चालत नाही. शेवटच्या क्षणी साबणाने अंगठी काढण्याची धडपड, ताईत कोणाच्या हातात द्यायचा यावरचा खल आणि त्यात गेलेली दहा मिनिटे टाळायची असतील, तर एक छोटी कापडी पिशवी आणि एक विश्वासू माणूस नेमावा. घरच्यांनी बांधलेली वस्तू त्या माणसाकडे आदराने सोपवली जाते आणि सामन्यानंतर परत मिळते. नडगीचे शिनगार्ड सर्वांना सक्तीचे असतात. दोन जादा जोड्या बॅगेत ठेवाव्यात. कर्णधाराच्या दंडावरची पट्टीही विसरू नये.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मैदानावरच्या नळाच्या भरवशावर राहू नये. वीस लिटरचे दोन जार, जलसंजीवनीची पाकिटे आणि बर्फ सोबत न्यावा. टॉवेलची मात्र आपल्या गावात वाण नाही: माल खराब निघालेले टेरी टॉवेल स्वस्तात मिळतात, ते बर्फाच्या पाण्यात बुडवून मध्यंतरात मानेवर ठेवावेत. ऊन तीव्र असेल तर प्रत्येक अर्धात पाण्यासाठी थोडा वेळ खेळ थांबवण्याची तरतूद नियमांत आहे. स्पर्धेने तिला मान्यता दिली आहे का, हे आधी पाहावे आणि त्या दिवशी दोन्ही कर्णधारांनी मिळून पंचांना तशी विनंती करावी.

सकाळच्या सामन्याआधी वडे-भजी नकोत. केळी, पोहे किंवा भाकरी-दूध दोन तास आधी घेतलेले चांगले. बार्शी किंवा पंढरपूरसारख्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या सामन्याला जाताना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बांधून घेतले की परतीच्या वाटेवर हॉटेलचा खर्च वाचतो.

दुखापत

मुरगळलेल्या घोट्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी आणि पाय उंच ठेवावा. तेल लावून जोरात चोळणाऱ्या अनुभवी काकांना नम्रपणे दूर ठेवावे. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळलेला दिसला, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला किंवा क्षणभरही बेशुद्ध झाला, तर त्याला त्या दिवशी परत उतरवू नये, मग तो कितीही विनवण्या करो आणि गोलफलक काहीही सांगो. उन्हाने कोणी बरळू लागला किंवा कोसळला, तर आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मातीत खरचटलेली जखम स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीची तारीख तपासावी.

कार्ड, तक्रारी आणि गुणतक्ता

पिवळ्या आणि लाल कार्डांची नोंद संघाने स्वतः ठेवावी, संघटनेच्या पत्राची वाट पाहू नये. लाल कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्यात बंदीत असतो, आणि किती पिवळ्या कार्डांनंतर बंदी येते हे स्पर्धेच्या नियमावलीत दिलेले असते. बंदी असलेला खेळाडू चुकून उतरला, तर चूक मॅनेजरची मानली जाते आणि शिक्षा संघाला होते. पंचांशी बोलायचे असेल तर फक्त कर्णधाराने बोलावे. खालच्या गटातले पंच दिवसाला दोन-तीन सामने तुटपुंज्या मानधनावर करतात. त्यांच्याभोवती घोळका करून आजवर कोणाचा गोल परत मिळालेला नाही, कार्डे मात्र मिळाली आहेत. तक्रार खरोखर करायची असेल तर ती लेखी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या शुल्कासह आणि नियमाचा क्रमांक देऊन करावी. पंचांच्या फाउल देण्या-न देण्यावर तक्रार टिकत नाही. अपात्र खेळाडूवर टिकते.

विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण ही पद्धत इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये आणली आणि १९९४ पासून ती विश्वचषकातही आली. तिच्यामुळे गणित असे होते की, एक विजय आणि दोन पराभव हे तीन बरोबऱ्यांइतकेच असतात. त्यामुळे समसमान गोलसंख्येवर पोहोचलेल्या सामन्यात शेवटची दहा मिनिटे धोका पत्करावा की नाही, हे तक्त्यातील जागा पाहून ठरवावे. गुण समान झाले तर आधी गोलफरक पाहतात की आपसांतील सामना, हेही हंगामाच्या सुरुवातीलाच वाचून ठेवावे; इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आधी गोलफरक पाहतात, तर स्पेनच्या ला लिगामध्ये आपसांतील निकाल. आपल्या स्पर्धेत गोलफरक आधी असेल, तर ०–३ असा पिछाडीवर असलेला सामनाही शेवटपर्यंत बचाव करून खेळावा लागतो, कारण चौथा आणि पाचवा गोल दोन महिन्यांनी आडवा येतो.

हंगामाच्या मध्यात, साधारण चौथ्या सामन्यानंतर, एक संध्याकाळ सराव न करता सर्वांना बसवावे. ज्यांना आतापर्यंत एक मिनिटही खेळायला मिळालेले नाही, त्यांची नावे मोठ्याने वाचावीत आणि पुढच्या दोन सामन्यांत त्यांना किती वेळ देणार, हे तेथेच सांगावे. याच मुलांच्या जोरावर फेब्रुवारीतला सामना होतो, आणि डिसेंबरमध्ये बाकावर विसरलेला मुलगा फेब्रुवारीत फोन उचलत नाही. चांगल्या खेळाडूंना हे आवडत नाही. त्यांना आवडले नाही तरी चालते.

शेवटच्या सामन्यानंतरची कामे

शेवटचा सामना झाला की त्याच आठवड्यात हिशेब बंद करून त्याची प्रत प्रायोजकाला संघाच्या छायाचित्रासह द्यावी. पुढच्या वर्षीची जर्सी त्या भेटीतच निम्मी ठरते. जाळ्या धुऊन, पूर्ण वाळवून, गाठी सोडवून पोत्यात भराव्यात आणि ते पोते उंदरांपासून दूर टांगावे. बॉलमधील हवा थोडी कमी करून ठेवावी. जर्सी खेळाडूंच्या घरी राहू देऊ नयेत, क्रमांकाप्रमाणे मोजून परत घ्याव्यात.

एखादा खेळाडू वरच्या गटातील संघात जाऊ इच्छित असेल, तर थकलेली वर्गणी घेऊन त्याला ना-हरकत पत्र त्वरित द्यावे. अडवून ठेवलेला खेळाडू पुढच्या हंगामात मनापासून खेळत नाही आणि वस्तीतली इतर मुलेही तुमच्या संघाच्या कागदावर सही करताना दहादा विचार करतात. संघ वरच्या गटात गेला असेल, तर तेथील प्रवेश फी, आवश्यक खेळाडूसंख्या आणि सामन्यांची संख्या यांची चौकशी एप्रिलमध्येच करावी, आणि बावीसपैकी किती जण पुढच्या वर्षी शहरात असणार आहेत, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले पुण्याला नोकरी शोधायला जाण्यापूर्वी विचारून त्याच तक्त्यात लिहून ठेवावे.